आपलं आपण

पद्मजाबाईंना मदत करणं म्हणजे त्यांचा अपमान करणं, हे आमच्या इमारतीत नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच कळायचं. जिन्यात कुणी त्यांच्या भाजीच्या पिशवीला हात लावला, की त्या म्हणायच्या, "का हो? माझे हात गळून पडलेले दिसतायत का?" मग पिशवी त्यांच्याच हातातून वर जायची आणि तो बिचारा खालच्या पायरीवर उभा राहायचा. मी त्यांच्या समोरच्या दारात राहते, लग्न होऊन शनिवार पेठेत आले तेव्हापासून. त्यामुळे मी लवकरच शहाणी झाले. वाटीभर आमटी द्यायची तरी आधी विचार करायची, कारण ती वाटी संध्याकाळच्या आत परत यायची आणि भरून यायची. शेजारच्या घरचं भांडं रिकामं परत करू नये ही रीत आपल्या सगळ्यांच्याच घरात असते. आपण ती दोन-चार दिवसांत, आठवण होईल तशी पाळतो. बाईंच्या घरी मात्र माझी वाटी गेली, की जप्तीची नोटीस आल्यासारखी धावपळ व्हायची.

शाळेत त्या कार्यानुभव शिकवायच्या. हा विषय ज्यांना आठवतो त्यांना हेही आठवत असेल, की गणिताचे सर 'जरा पोर्शन राहिलाय' म्हणत यायचे आणि तो तास पळवायचे. पद्मजाबाईंचा तास पळवायची कुणाची छाती नव्हती. मुलगा असो की मुलगी, शर्टाला बटण लावता आलं पाहिजे, हेम घालता आली पाहिजे, उडालेल्या फ्यूजची तार बदलता आली पाहिजे. कुणी 'बाई, जमत नाही' म्हटलं, की केलेलं सगळं उसवायला लावून परत पहिल्यापासून. माझी स्पृहा त्यांच्या वर्गात होती आणि एका बटणापायी आठवडाभर रडली होती. आता ती म्हणते, बाईंमुळे मला सगळं येतं. येतं खरं. पण तिला अजून कुणाच्या घरी साधं पाणी मागतानाही संकोच होतो, त्याचं श्रेय बाईंना कुणी देत नाही.

बाईंचे यजमान छापखान्यात होते. ते अचानक गेले तेव्हा वरद तिसरीत होता. साताऱ्याहून भाऊ आले आणि म्हणाले, "पद्मे, चल माझ्याकडे, घर मोठं आहे." बाईंनी त्यांना चहा दिला आणि स्वारगेटला जाणारी बस कुठे मिळते ते सांगितलं. या गोष्टीचं पेठेत फार कौतुक झालं. कौतुक करण्यात पेठेचं काही जात नव्हतं. भाऊसुद्धा जाताना दोनदा मागे वळून पाहून गेले म्हणतात, पण मला वाटतं, साताऱ्याला पोचेपर्यंत त्यांनाही हलकं वाटलं असेल.

वरदला त्यांनी तसाच वाढवला. आपलं ताट आपण घासायचं, आपले कपडे आपण धुवायचे, आपला अभ्यास आपण करायचा. दहावीत असताना शाळेच्या मैदानावर पडून त्याचा हात मोडला, तर तो पठ्ठ्या रिक्षा करून एकटा ओळखीच्या डॉक्टरांकडे गेला आणि प्लास्टर घालूनच घरी आला. ही गोष्ट बाई भेटेल त्याला सांगायच्या. "रडला नाही, मला हाकसुद्धा मारली नाही!" मला कळेना, यात मिरवण्यासारखं काय आहे. हात मोडलेल्या पोराने आईला हाक मारली नाही! मी एकदा तसं बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तुझी स्पृहा मारेल हो हाक." पुढे महिनाभर आमचं बोलणं बंद होतं.

वरद इंजिनिअर झाला, हिंजवडीत लागला, तनयाशी लग्न करून बाणेरला राहायला गेला. मोठा फ्लॅट घेतला. त्याला अवनी झाली, ती शाळेत जायला लागली. बाईंनी कधी 'मी येऊ का' म्हटलं नाही आणि त्याने कधी 'ये' म्हटलं नाही. दर रविवारी फोन यायचा. "आई, बरी आहेस ना?" "मला काय धाड भरलीय?" एवढ्यावर बोलणं संपायचं. मग वरद आपल्या मित्रांना सांगायचा, आमची आई एकदम इंडिपेंडंट आहे. मित्र म्हणायचे, लकी आहेस.

स्वावलंबन हा शब्द आपल्याकडे फार पूजेत ठेवलेला आहे. माझं मत विचाराल तर तो शब्द ज्यांना काही घ्यायचं नसतं त्यांच्यापेक्षा ज्यांना काही द्यायचं नसतं त्यांच्या जास्त कामाला येतो. एकदा एखाद्या बाईला स्वावलंबी म्हटलं, की भावाला, मुलाला, सुनेला आणि शेजाऱ्यांना, म्हणजे मलासुद्धा, पाय पसरून झोपता येतं.

गेल्या वर्षी दिवाळी उरकल्यावरची गोष्ट. बाई रोज सकाळी दारात ठिपक्यांची रांगोळी काढायच्या. एके दिवशी पाहिलं तर ठिपके एकीकडे आणि रेघा भलतीकडे. मी विचारलं, "बाई, हे काय?"

"मॉडर्न आर्ट आहे. तुला नाही कळायची."

दुसऱ्या दिवशी तेच आणि तिसऱ्या दिवशी रांगोळीच नाही. मी न विचारता आत शिरले. बाई ओट्याशी उभ्या राहून एकेक डबा उघडून वास घेत होत्या. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्या आधीच जाऊन आल्या होत्या, अर्थात एकट्या. पडद्याचा मधला भाग निकामी झाला होता. कडेचं थोडं दिसायचं, पण जिथे बघायचं नेमकं तिथेच काळं. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

"तुझा पदर दिसतोय," बाई म्हणाल्या. "तोंड नाही दिसत."

मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि त्या बसल्या, यातच मला सगळं कळायला हवं होतं. मग इतक्या वर्षांत मी कधी ऐकलं नव्हतं असं काही त्या बोलल्या. "मला भीती वाटते गं. गॅस पेटवताना वाटते. संध्याकाळ झाली की खोली कुठे संपते तेच कळत नाही, नुसती बसून राहते. मला आता एकटीला नाही राहायचं. मला वरदकडे जायचंय." आणि लगेच ताठ होऊन म्हणाल्या, "तू त्याला काही बोलायचं नाहीस. माझं मी सांगीन."

डोळ्यांचं तेवढं त्यांनी फोनवर सांगितलं आणि त्या रविवारी वरद, तनया आणि अवनी आले. वरदने मलाही बोलावलं होतं. पोरगा वाईट नाही, हे सांगितलंच पाहिजे. वाईट असता तर मला त्याला चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. त्याने पिशवी भरून वस्तू आणल्या होत्या. बोलणारं घड्याळ, बोलणारा स्पीकर, डब्यांवर आणि गॅसच्या बटणांवर चिकटवायचे फुगीर ठिपके. दुपारभर गुडघ्यावर बसून त्याने स्वतःच्या हाताने ते चिकटवले. "आई, याला नुसतं विचारायचं, किती वाजले. तो सांगतो. औषधाची आठवणसुद्धा करतो."

"तुमच्याकडे ती मधली खोली आहे, तिथे कोण असतं रे?" बाईंनी विचारलं.

"मधली? ती माझ्या ऑफिसच्या कामाची. घरून काम असतं ना तीन दिवस."

"बरं."

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. मी मनात म्हटलं, बोला, आता बोला. त्या बोलल्या. "मी येऊ का तिकडे राहायला?"

वरदने तनयाकडे पाहिलं. मग तनया म्हणाली, "या ना आई, नक्की या. पण तुम्हालाच करमणार नाही. दिवसभर घरात कुणी नसतं."

वरद बाईंच्या पुढ्यात बसला, त्यांचे हात हातात घेतले आणि हसला. "आई, तू? तू दुसऱ्याच्या घरात जाऊन बसशील? मी ओळखत नाही का तुला! डोळ्यांचं कळलं म्हणून तू घाबरलीयस. मी सगळी चौकशी केलीय. विश्रांतवाडीला एक संस्था आहे. नजर गेलेल्या लोकांना तिथे सगळं शिकवतात, चहा, स्वयंपाक, काठी घेऊन चालणं. तीन महिन्यांचा कोर्स आहे. तू तर टॉपर होशील. आणि नाहीच जमलं तर मी घेऊन जाईन तुला. प्रॉमिस."

"नाहीच जमलं तर?" बाईंनी पुन्हा विचारलं.

"नाहीच जमलं तर. त्याच दिवशी."

दुसऱ्याच्या घरात, असं तो सहज बोलून गेला. त्याला त्याचं काही वाटलं नाही. बाईंना वाटलं, कारण त्यांनी हात सोडवून घेतले आणि स्पीकरला किती वाजले ते विचारलं.

मनपाच्या स्टॉपवरून विश्रांतवाडीची बस मिळते. मला तिकडे रोज काम असतं, अशी थाप मारून मी बाईंबरोबर जायला लागले. खरं सांगून बरोबर गेले असते तर त्यांनी मला बसमधून उतरवलं असतं. शिकवणारे धम्मदीप सर वर्ध्याकडचे, पस्तिशीचे, जन्मापासून न दिसणारे. पहिल्याच दिवशी ते बाईंना घेऊन आळंदी रस्त्याच्या कडेला उभे राहिले.

"आजी, चहा नंतर. आधी मागायला शिकायचं. शेजारी कुणी उभं असलं की आवाज द्यायचा आणि म्हणायचं, जरा हात द्या, पलीकडे जायचं आहे. म्हणा."

"मला आवाजावरून गाडी कळते," बाई म्हणाल्या.

"मला पण कळते. दोनदा पाय मोडून घेतला मी त्या कळण्यापायी. म्हणा."

बाई म्हणेनात. शेजारी कॉलेजची एक मुलगी येऊन उभी राहिली. तिने काठी पाहिली आणि आपणहून विचारलं, "आजी, क्रॉस करायचंय का?"

"नाही. मी सहज उभी आहे," बाई म्हणाल्या.

ती गेल्यावर त्या तशाच सरळ रस्त्यात उतरल्या. एका मोटारसायकलवाल्याने करकचून ब्रेक दाबला आणि त्यांचा उद्धार केला. मी त्यांचा दंड धरून त्यांना कडेला ओढलं. धम्मदीप सर मात्र चांगलेच भडकले. "आजी, मी नोकरी करतो, घर चालवतो, आणि रोज दहा माणसांचा हात धरतो. मग मी काय दुसऱ्याच्या जिवावर जगतो? कुणाचा हात धरायचा आणि कुठे सोडायचा, हे मी ठरवतो. एवढंच असते ते स्वावलंबन. एकटं मरायची तयारी नसते ती."

"तुमचं बरोबर असेल," बाई म्हणाल्या. "मला नाही जमत."

मी चमकलेच. हे तीन शब्द या बाईंनी उभ्या जन्मात कुणाच्या तोंडून ऐकून घेतले नव्हते. मी बसमध्ये म्हटलं, "हेच वरदला सांगा की!" त्या खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "तो चहा, स्वयंपाक, काठीबद्दल बोललाय. मागणं त्यात धरत नाहीत."

बाकीचं मात्र त्यांना भराभर यायला लागलं. तेल तापलं हे आवाजावरून, भात शिजला हे वासावरून, नोट कुठली हे चाचपून. पंचवीस वर्षं दुसऱ्यांना हाताने काम करायला शिकवलेली बाई, त्यांना शिकायचं काय अवघड! घरी आल्या की मला उत्साहाने करून दाखवायच्या आणि मग एकदम गप्प व्हायच्या. एकेक गोष्ट येत होती आणि बाणेर तेवढं लांब जात होतं, हे त्यांनाही कळत होतं.

शेवटच्या दिवशी नातेवाइकांसमोर प्रात्यक्षिक असतं. बाईंना चौघांचा चहा करून कपात ओतायचा होता. आदल्या दुपारी मी त्यांना सरळच म्हटलं, "बाई, उद्या चहा सांडा."

"म्हणजे?"

"म्हणजे कपाबाहेर ओता. वरद समोर बसलेला असेल. नाहीच जमलं तर, असं तोच म्हणालाय ना?"

त्या ताठ बसल्या. "खोटं वागायचं?"

"मधल्या खोलीचं तो बोलला, ते फार खरं होतं?"

"सांडते," त्या म्हणाल्या. मग माझ्याच ओट्यावर त्यांनी पाण्याने सराव केला. सांडण्याचा सराव! थोडं पाणी बशीत पाडलं आणि माझ्या आधी फडकं शोधून पुसूनही टाकलं. मी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी वरदने अर्धी रजा घेतली होती. तनया आणि अवनीही आल्या होत्या. बाई टेबलाशी उभ्या राहिल्या. गॅस पेटवला, पाणी ठेवलं, पातेल्यावर तळहात धरून उकळी पाहिली, चमचा चाचपून साखर, चहापूड आणि दूध घातलं. मग एक बोट कपाच्या काठावर ठेवून त्यांनी पातेलं उचललं. पातेलं एकदा कपाच्या बाहेर गेलं. खरंच गेलं, मी पाहिलं. त्यांचे ओठ घट्ट मिटले, आणि दुसऱ्याच क्षणी हात आपोआप आत वळला. चारही कप सारखे भरले. एकाही बशीत थेंब नव्हता.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धम्मदीप सर टाळ्या न वाजवता माझ्याजवळ उभे होते. वरदचं प्रॉमिस मी त्यांच्या कानावर घातलं होतं. त्यांनी हळू विचारलं, "काही सांडलं?" मी नाही म्हटलं. "मग कठीण आहे," ते म्हणाले.

वरद हे सगळं मोबाईलवर टिपत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. त्याने आईच्या पायांना हात लावला. "मला माहीत होतं. आई, आता मला तुझी काळजीच नाही." तनयाने बाईंना मिठी मारली, अवनीने हार घातला. बाई हसत होत्या. तसं हसू मी शाळेच्या निरोप समारंभात पाहिलं होतं, तेव्हाही त्या आदल्या रात्री रडलेल्या होत्या.

वरदने गाडीतून आम्हाला पेठेच्या तोंडाशी सोडलं. आत पार्किंग मिळत नाही म्हणून तो तिथूनच बाणेरकडे वळला. जिन्यात मला राग आवरेना. "का नाही सांडलात? एवढं एक काम वाईट करता आलं नाही तुम्हाला?"

"सांडत होते गं. हात वळला," त्या म्हणाल्या. "मला आयुष्यात वाईट काम करताच आलं नाही."

वर आल्यावर त्या दाराशी थांबल्या. कुलूप उघडेनात. "एक काम करशील माझं?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला काम सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, सांगा.

"वरदला फोन कर. आईला जमत नाही म्हणावं. भीती वाटते म्हणावं. माझ्या तोंडून ते नीट निघत नाही, मी म्हटलं की त्याला ते काहीतरी वेगळंच वाटतं. तू माझ्यासाठी माग."

मी घरात जाऊन लगेच फोन लावला. सगळं सांगितलं. संध्याकाळचं सांगितलं, गॅसचं सांगितलं, आई स्वतः मागतेय हेही सांगितलं. वरदने मध्ये न बोलता ऐकून घेतलं आणि मग हसला, अगदी मायेने हसला. "काकू, तुमचा जीव आहे तिच्यावर, मला कळतं. पण मी स्वतः पाहिलं ना आज. एक थेंब सांडला नाही. असल्या बाईला उचलून आणून खोलीत बसवलं तर ती खचेल."

"अरे, ती मागतेय!"

"आई? आईने कधी कुणाकडे काही मागितलंय का, काकू? तुम्ही तिच्या वतीने बोलताय, ते तिला कळलं तरी आवडणार नाही."

मी फोन ठेवते न ठेवते तोच तो वाजला. इमारतीच्या ग्रुपवर वरदने चहाचा व्हिडिओ टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, 'आईचा अभिमान वाटतो.' लगेच अंगठे आले, जोडलेले हात आले. वरच्या मजल्यावरच्या महिपतीरावांनी लिहिलं, 'स्वावलंबनाचा आदर्श! आमच्या मुलांना दाखवणार.' तो फोन भिंतीवर आपटावा असं मला वाटलं.

बाहेर आले तर बाई अजून तशाच दाराशी उभ्या होत्या. माझी चाहूल लागताच त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं.

"काय म्हणाला?"

मी त्याचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. बदलून सांगायला मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी त्यांना ते कळलंच असतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"बरोबर बोलला तो," त्या म्हणाल्या. "त्याने माझ्याकडे असं काही मागितलं असतं, तर मीही हेच सांगितलं असतं."